फ्रान्सच्या अनियंत्रित राजेशाहीचा अंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच राज्यक्रांतीविषयी वाचकांकडून, विशेषतः स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून आणि शालेय शिक्षकांकडून, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका प्रश्नाचा धागा दुसऱ्या प्रश्नात गेला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बहुतेक गोंधळ राजाची अनियंत्रित सत्ता आणि राजपद या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे होतात. म्हणून पहिला प्रश्न आधी वाचावा, ही विनंती.

१. फ्रान्समधली अनियंत्रित राजेशाही नक्की कधी संपली? १७८९, १७९२ की १७९३?

एकच तारीख मागितली की उत्तर चुकते, कारण येथे तीन वेगवेगळ्या गोष्टींचा शेवट झाला. राजाची अनियंत्रित सत्ता १७८९ च्या उन्हाळ्यात संपली : १७ जून रोजी तिसऱ्या वर्गाच्या (धर्मगुरू आणि उमराव सोडून उरलेल्या प्रजेच्या, प्रश्न ३ पाहा) प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले आणि १४ जुलै रोजी बॅस्टिलचा तुरुंग-किल्ला पडल्यानंतर तो निर्णय बळाने मोडून काढण्याची ताकद राजाकडे उरली नाही. राजपद मात्र आणखी तीन वर्षे टिकले. ते १० ऑगस्ट १७९२ रोजी कोसळले आणि २१ सप्टेंबर १७९२ रोजी ठरावाने रद्द झाले. २१ जानेवारी १७९३ रोजी गिलोटिनखाली ज्याचा शिरच्छेद झाला, तो सोळावा लुई त्या दिवशी राजा नव्हता. क्रांतिकारकांच्या कागदपत्रांत त्याचे नाव ‘लुई कापे’ असे साधे लिहिलेले होते. त्याच्या वधाने राजेशाही संपली असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. चार महिने आधीच फ्रान्स प्रजासत्ताक झाला होता.

२. ‘अनियंत्रित’ म्हणजे राजा मनाला येईल ते करू शकत होता का?

तत्त्वतः जवळजवळ हो, व्यवहारात मात्र नाही. राजा आपल्या सत्तेबद्दल केवळ ईश्वराला जबाबदार आहे, कायदा करण्याचा अधिकार त्याच्या एकट्याचा आहे आणि कोणतीही सभा त्याच्या सत्तेत वाटेकरी नाही, असा सिद्धान्त होता. सार्वभौम सत्ता केवळ आपल्या ठायी वसते, असे पंधराव्या लुईने १७६६ मध्ये पॅरिसच्या न्यायाधीशांना त्यांच्याच न्यायालयात जाऊन सुनावले होते. राजाची मोहोर असलेल्या पत्रावर कोणालाही खटल्याशिवाय तुरुंगात डांबता येत असे.

तरीही राजाचे हात अनेक ठिकाणी बांधलेले होते. वारसा ठरवण्याचे नियम तो बदलू शकत नव्हता. प्रांतांना, शहरांना, व्यापारी संघांना आणि धर्मसंस्थेला पिढ्यानपिढ्या दिलेल्या सवलती मोडणे त्याला जड जात असे. शिवाय पार्लमाँ नावाची वरिष्ठ न्यायालये होती. नावावरून ती संसद वाटतात, पण ती निवडून आलेली नव्हती. तेथील न्यायाधीशांनी आपली पदे विकत घेतलेली किंवा वारशाने मिळवलेली असत. राजाचा हुकूम त्यांच्या दप्तरी नोंदवला गेल्यावरच त्या भागात अमलात येई आणि नोंदणीपूर्वी लेखी हरकत घेण्याचा त्यांना हक्क होता. राजा स्वतः न्यायालयात बसून ती हरकत मोडून काढू शकत असे, पण प्रत्येक वेळी तसे केल्याने त्याचीच प्रतिष्ठा कमी होई. चौदाव्या लुईच्या तोंडी घातले जाणारे ‘मीच राज्य आहे’ हे वाक्य त्याने उच्चारल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही.

३. तीन वर्ग म्हणजे श्रीमंत, मध्यम आणि गरीब असे होते का?

नाही. ही विभागणी संपत्तीवर नव्हे, तर कायदेशीर दर्जावर आधारलेली होती. पहिला वर्ग धर्मगुरूंचा, दुसरा सरदार-उमरावांचा आणि तिसरा उरलेल्या सर्वांचा. सुमारे २ कोटी ८० लाख लोकसंख्येतील प्रचंड बहुसंख्या तिसऱ्या वर्गात मोडत असे आणि त्यात बोर्दोचा कोट्यधीश व्यापारी, पॅरिसचा वकील, विणकर आणि भूमिहीन मजूर हे सगळे येत. उलट खेड्यातला धर्मगुरू पहिल्या वर्गातला असूनही अनेकदा गरीब असे. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण जून १७८९ मध्ये याच खेड्यांतल्या धर्मगुरूंनी बाजू बदलली आणि पारडे फिरले (प्रश्न ६ पाहा).

४. राणीच्या उधळपट्टीमुळे खजिना रिकामा झाला, हे खरे आहे का?

हा समज आजही पाठ्यपुस्तकांबाहेर जिवंत आहे, पण आकडे त्याला आधार देत नाहीत. १७८८ च्या सरकारी अंदाजानुसार वर्षाचा खर्च सुमारे ६२ कोटी ९० लाख लिव्र (त्या काळचे फ्रेंच चलन) आणि उत्पन्न सुमारे ५० कोटी ३० लाख लिव्र होते. खर्चापैकी निम्मी रक्कम, म्हणजे ३१ कोटींहून अधिक लिव्र, जुन्या कर्जांचे व्याज आणि हप्ते फेडण्यात जात होती. दरबाराचा सगळा खर्च एकूण खर्चाच्या साधारण सहा टक्के होता. तो कमी नव्हता, पण तो संपूर्ण थांबवला असता तरी तूट भरून निघाली नसती.

कर्ज मुख्यतः युद्धांचे होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७८ पासून फ्रान्स इंग्लंडविरुद्ध उतरला आणि त्या युद्धावर शंभर कोटी लिव्रच्या वर रक्कम खर्च झाली. अर्थकारभार पाहणाऱ्या नेकरने नवे कर न लावता ते युद्ध कर्जावर चालवले आणि १७८१ मध्ये जाहीर हिशोब छापून एक कोटी लिव्रची शिल्लक दाखवली. त्या हिशोबात युद्धखर्च धरलाच नव्हता. लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला आणि त्यामुळे पुढच्या मंत्र्याने तूट आहे असे सांगितले, तेव्हा ‘मग पैसे गेले कुठे?’ हा प्रश्न साहजिकच दरबाराकडे वळला. १७८५ च्या हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणात राणी मारी आंत्वानेत निर्दोष होती. तिच्या नावाने दुसऱ्यांनीच फसवणूक केली होती. पण तोपर्यंत तिच्याविषयी काहीही खरे मानायला लोक तयार झाले होते.

५. एवढी सत्ता होती, तर राजाने सरळ कर वाढवून प्रश्न का सोडवला नाही?

क्रांतीच्या अभ्यासात हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अनियंत्रित म्हणवणारी सत्ता पैशाच्या बाबतीत किती परावलंबी होती, हे त्यातून उघड होते.

गरिबांवर आणखी बोजा टाकणे शक्य नव्हते. म्हणून अर्थमंत्री कालोन याने सर्व जमीनमालकांवर, उमराव आणि धर्मसंस्थेसह, सारखाच जमीनकर बसवण्याची योजना मांडली. पार्लमाँ विरोध करतील हे जाणून त्याने फेब्रुवारी १७८७ मध्ये निवडक प्रतिष्ठितांची सभा बोलावली. हे लोक सरकारनेच निवडलेले होते, तरीही त्यांनी संमती दिली नाही. आधी हिशोब दाखवा, असे ते म्हणाले. कालोन गेला, ब्रिएन आला, पण योजना तशीच राहिली. मग पॅरिसच्या पार्लमाँने अशी भूमिका घेतली की, नव्या करांना संमती देण्याचा अधिकार फक्त स्टेट्स जनरल या तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधिसभेला आहे. ती सभा १६१४ नंतर एकदाही भरलेली नव्हती. १९ नोव्हेंबर १७८७ रोजी नव्या कर्जाचा हुकूम नोंदवताना ऑर्लेआँच्या ड्यूकने ‘हे बेकायदेशीर आहे’ अशी हरकत घेतली, तेव्हा सोळावा लुई उत्तरला की, ‘माझी इच्छा आहे म्हणून ते कायदेशीर आहे.’ अनियंत्रित सत्तेची याहून नेमकी व्याख्या सापडणार नाही. मात्र त्या वेळी ती कोणालाच पटत नव्हती.

मे १७८८ मध्ये सरकारने पार्लमाँचे अधिकार काढून घेतले. त्यावर प्रांतोप्रांती दंगे उसळले. ग्रनोब्लमध्ये ७ जून रोजी लोकांनी छपरांवरून सैनिकांवर कौले फेकली. सावकार कर्ज देईनासे झाले. ८ ऑगस्ट १७८८ रोजी स्टेट्स जनरल पुढच्या वर्षी बोलावण्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात खजिन्याने रोख देणी थांबवली. अनियंत्रित राजेशाहीची हार लोकांनी शस्त्रे हाती घेण्यापूर्वीच झाली होती आणि ती उमराव व न्यायाधीश यांच्याकडून झाली होती, ही बाब अनेकांना आश्चर्याची वाटते.

६. स्टेट्स जनरलमध्ये मतदानाच्या पद्धतीवरून एवढा वाद का झाला?

कारण पद्धतीवरच निकाल ठरणार होता. जुन्या रिवाजाप्रमाणे तिन्ही वर्ग वेगवेगळे बसत आणि प्रत्येक वर्गाचे एक मत असे. त्यामुळे पहिले दोन वर्ग एकत्र आले की तिसऱ्या वर्गाचा पराभव नक्की होता. सप्टेंबर १७८८ मध्ये पॅरिसच्या पार्लमाँने १६१४ ची पद्धतच पाळावी असा निर्णय दिला आणि कालपर्यंत जनतेचे कैवारी वाटणारे न्यायाधीश एका रात्रीत अप्रिय झाले. डिसेंबरमध्ये राजाने तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी दुप्पट, म्हणजे सुमारे ६०० केले, परंतु मते डोकी मोजून घ्यायची की वर्ग मोजून, हे मोघमच ठेवले. हा मोघमपणा त्याला फार महागात पडला.

५ मे १७८९ रोजी व्हर्सायला सभा भरली आणि पाच-सहा आठवडे याच मुद्द्यावर अडून राहिली. १७ जून रोजी तिसऱ्या वर्गाने राष्ट्रीय सभा हे नाव धारण केले आणि आपल्या संमतीशिवायचे कर बेकायदेशीर ठरवले. मात्र ही सभा भरलेली असेपर्यंत चालू कर वसूल करण्यास तात्पुरती परवानगी दिली. ते कर आता राजाच्या हुकमाने नव्हे, तर सभेच्या परवानगीने वसूल होणार होते आणि क्रांतीचा गाभा मला याच ठरावात दिसतो. २० जून रोजी सभागृह बंद आढळल्याने प्रतिनिधी जवळच्या बंदिस्त टेनिस कोर्टात जमले आणि संविधान तयार होईपर्यंत न विखुरण्याची शपथ त्यांनी घेतली. फक्त एका प्रतिनिधीने नकार दिला. २३ जून रोजी राजाने स्वतः येऊन १७ जूनचा ठराव रद्द केला, काही सुधारणा देऊ केल्या आणि सर्वांना आपापल्या दालनात जाण्याचा हुकूम दिला. तिसरा वर्ग जागचा हलला नाही. जमलेल्या राष्ट्राला कोणी हुकूम देऊ शकत नाही, असे अध्यक्ष बायी यांनी दरबारच्या अधिकाऱ्याला सांगितले. तोवर बहुसंख्य धर्मगुरू येऊन मिळाले होते, मागोमाग काही उमरावही आले. २७ जून रोजी राजाने उरलेल्यांनाही एकत्र बसण्यास सांगितले.

७. बॅस्टिलमध्ये फक्त सातच कैदी होते, मग त्या घटनेला एवढे महत्त्व का?

सात हा आकडा बरोबर आहे : चार बनावट दस्तऐवज करणारे, दोन वेडे आणि कुटुंबाच्या विनंतीवरून डांबलेला एक उमराव. पण लोक तेथे कैदी सोडवायला गेलेच नव्हते. ते बंदुकीची दारू आणायला गेले होते. राजा पॅरिसभोवती सैन्य गोळा करत होता आणि ११ जुलै रोजी त्याने परत मंत्रिपदी आलेल्या लोकप्रिय नेकरला बडतर्फ केले. राष्ट्रीय सभा उधळली जाणार, अशी सर्वांची खात्री झाली. १४ जुलैच्या सकाळी जमावाने ॲन्व्हालीद या लष्करी इमारतीतील सुमारे ३०,००० बंदुका मिळवल्या, मात्र दारू बॅस्टिलमध्ये हलवलेली होती. दुपारच्या लढाईत हल्लेखोरांपैकी सुमारे ९८ जण मेले. राजाच्याच फ्रेंच गार्ड पलटणीचे शिपाई तोफा घेऊन लोकांच्या बाजूने आले, तेव्हा किल्लेदार द लोने याने शरणागती पत्करली. नंतर जमावाने त्याला ठार मारले.

म्हणजेच त्या दिवशी राजाला कळून चुकले की, सैन्यावर विसंबता येणार नाही. १५ जुलै रोजी त्याने सैन्य मागे घेण्याचे जाहीर केले, नेकरला परत बोलावले आणि १७ जुलै रोजी पॅरिसच्या नगरभवनात जाऊन क्रांतीची खूण असलेली तिरंगी फीत स्वीकारली. जूनमध्ये सभेने कागदावर मिळवलेले अधिकार जुलैमध्ये पॅरिसने वाचवले. (राजाच्या रोजनिशीत १४ जुलैपुढे ‘काही नाही’ अशी नोंद आहे, ती शिकारीची आहे, त्या दिवशी शिकार झाली नाही एवढाच तिचा अर्थ. त्यावरून त्याला बेफिकीर ठरवणे अन्यायाचे आहे.)

८. ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामशाही खरोखर रद्द झाली का?

सवलती रद्द झाल्या, देणी मात्र लगेच नाही. जुलैच्या अखेरीस खेड्यापाड्यांत अफवांनी भीती पसरली होती आणि शेतकरी गढ्यांवर चालून जाऊन देण्यांची दप्तरे जाळत होते. ४ ऑगस्टच्या रात्री नोआय आणि एग्वियों या उमरावांनी पुढाकार घेतल्यावर एकामागून एक विशेषाधिकार सोडले गेले : करमाफी, शिकारीचा हक्क, जहागिरी न्यायालये, पदांची विक्री, धर्मसंस्थेचा दशमांश कर. पण ११ ऑगस्टच्या अंतिम मसुद्यात बारकावा आला. माणसाच्या गुलामीशी निगडित असलेली देणी विनामोबदला संपली, परंतु जमिनीशी निगडित देण्यांतून सुटका हवी असेल, तर शेतकऱ्याने अनेक वर्षांच्या देण्याइतकी रक्कम एकदम भरायची होती. बहुतेकांना ते शक्य नव्हते. त्यांनी सरळ देणी द्यायची थांबवली आणि अखेर १७ जुलै १७९३ च्या कायद्याने ती देणी विनामोबदला रद्द झाली, तेव्हा राजेशाही संपून दहा महिने झाले होते.

९. ‘भाकरी नसेल तर केक खा’ असे राणी म्हणाली होती का?

तसा कोणताही पुरावा नाही. तत्त्वचिंतक रूसोने आपल्या आत्मकथनात एका ‘थोर राजकन्येच्या’ तोंडी असे वाक्य घातले आहे, पण तो भाग लिहिला गेला तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात वाढणारी लहान मुलगी होती. ज्या टंचाईशी हे वाक्य जोडले जाते, ती टंचाई मात्र खरी होती. १३ जुलै १७८८ च्या गारपिटीने आणि त्यानंतरच्या कडक हिवाळ्याने धान्य महागले आणि पॅरिसमध्ये पावाचा भाव १७८९ च्या जुलैच्या मध्यास, म्हणजे बॅस्टिल पडली त्याच सुमारास, शिगेला पोहोचला. मजुराच्या कमाईचा बहुतांश भाग केवळ पावावर जात होता.

१०. राजा व्हर्साय सोडून पॅरिसला का आला?

त्याला आणले गेले. ऑगस्टमधील ठरावांना आणि २६ ऑगस्टच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला मान्यता द्यायला तो टाळाटाळ करत होता. व्हर्सायच्या एका मेजवानीत तिरंगी फितीचा अपमान झाल्याची बातमी पॅरिसला पोहोचली, पाव तर मिळतच नव्हता. ५ ऑक्टोबर रोजी हजारो स्त्रिया, त्यांत बाजारात मासळी विकणाऱ्या मोठ्या संख्येने, पावसातून चालत व्हर्सायला गेल्या. त्याच संध्याकाळी राजाने मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे जमाव राणीच्या महालात घुसला आणि दुपारी राजघराणे त्यांच्यासोबत पॅरिसच्या ट्युइलरी राजवाड्याकडे निघाले. ते व्हर्सायला पुन्हा कधीच परतले नाही.

११. १७८९ ते १७९२ या काळात राजाकडे कोणते अधिकार उरले होते?

कमी नव्हते, आणि म्हणूनच पुढचा संघर्ष झाला. १७९१ च्या संविधानानुसार मंत्री नेमणे, सैन्याचे प्रमुखपद आणि परराष्ट्र व्यवहार त्याच्याकडे होते. खर्चासाठी वर्षाला अडीच कोटी लिव्र ठरवून मिळत. सभेने केलेला कायदा तो रोखून धरू शकत असे, पण लागोपाठच्या पुढील दोन सभांनी तोच कायदा पुन्हा केल्यास त्याचा नकार संपत असे. कायदा मात्र राजाहून वरचा आहे आणि राजा त्या कायद्याच्या नावानेच राज्य करतो, असे संविधानात स्पष्ट लिहिले होते. त्याची उपाधीही ‘फ्रान्सचा राजा’ ऐवजी ‘फ्रेंचांचा राजा’ अशी झाली.

ही व्यवस्था अनियंत्रित नव्हती. ती मर्यादित राजेशाही होती. ती टिकू शकली असती का, यावर मतभेद आहेत. माझ्या मते नकाराधिकारापेक्षा धर्माच्या प्रश्नाने ती अधिक पोखरली. जुलै १७९० च्या कायद्याने धर्मगुरू निवडून येणारे पगारी अधिकारी झाले आणि त्यांना निष्ठेची शपथ घ्यावी लागली. राजा मनापासून श्रद्धाळू होता. त्याने कायद्यावर सही केली, पण त्याचे मन त्याला खात राहिले. त्यापुढचे त्याचे वागणे या सहीशिवाय समजत नाही.

१२. राजाने संविधान मान्य केले होते, मग तो पळून का गेला?

क्रम उलट आहे : आधी पलायन, मग मान्यता. २० जून १७९१ च्या रात्री राजघराणे वेषांतर करून निघाले. राजा नोकराच्या वेषात होता. पूर्व सीमेजवळच्या मोंमेदीला सेनापती बुइये याच्या विश्वासू सैन्यात पोहोचून तेथून अटी घालायच्या, असा बेत होता. सँत-मनूच्या डाकचौकीचा प्रमुख द्रुए याने राजाला ओळखले आणि पुढे धाव घेऊन वारेन गावात अडवले. २५ जून रोजी त्याला पॅरिसमध्ये परत आणले, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसे निःशब्द उभी होती, कारण जो राजाचा जयजयकार करील त्याला चोप मिळेल आणि जो अपमान करील त्याला फाशी, असे फलक शहरात लागले होते.

राजाने जाताना स्वहस्ते लिहिलेले निवेदन मागे ठेवले होते आणि ऑक्टोबर १७८९ पासून आपण दिलेल्या मान्यता कैदेतल्या आहेत, असे त्यात म्हटले होते. तरीही राष्ट्रीय सभेने ‘राजाला पळवून नेले’ अशी कथा उभी केली, कारण राजाशिवायचे संविधान तिला नको होते. १७ जुलै रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या करण्यासाठी जमलेल्या लोकांवर सेनापती लाफायेतच्या राष्ट्रीय रक्षकांनी (नागरिकांच्या सशस्त्र दलाने) गोळीबार केला. सप्टेंबरमध्ये राजाने संविधानाची शपथ घेतली. त्या शपथेवर दोन्ही बाजूंच्या फारच थोड्यांचा विश्वास होता.

१३. मग १० ऑगस्ट १७९२ रोजी नेमके काय घडले?

एप्रिल १७९२ मध्ये फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि सुरुवातीलाच पराभव पत्करले. शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंना हद्दपार करण्याचा आणि पॅरिसजवळ २०,००० स्वयंसेवकांची छावणी उभारण्याचा, असे दोन्ही कायदे राजाने जूनमध्ये रोखले. त्यानंतर ऑस्ट्रियाच्या बाजूने लढणाऱ्या प्रशियाच्या सेनापतीचा, ब्रन्सविकच्या ड्यूकचा, जाहीरनामा आला : राजघराण्याला इजा झाली, तर पॅरिसचा पुरता सूड घेऊ. राजाला वाचवण्यासाठी काढलेल्या या जाहीरनाम्याने राजा शत्रूला सामील असल्याचा संशय पक्का केला.

१० ऑगस्टच्या सकाळी पॅरिसच्या वस्त्यांमधील लोक आणि मार्सेय व ब्रिटनीहून आलेले स्वयंसेवक ट्युइलरीवर चालून गेले. राजा सहकुटुंब आधीच सभागृहाच्या आश्रयाला गेला होता आणि अध्यक्षांच्या मागच्या वृत्तलेखकांच्या कोंदट खोलीत बसून त्याने स्वतःला निलंबित करण्याचा ठराव ऐकला. राजवाड्यात स्विस रक्षक लढत राहिले. त्यांच्यापैकी सुमारे ६०० जण मारले गेले, काही शरण आल्यानंतर. हल्लेखोरांचीही शेकडो माणसे मृत वा जखमी झाली. नवी सभा, म्हणजे कन्व्हेन्शन, जवळजवळ सर्व प्रौढ पुरुषांच्या मतदानाने निवडण्याचे ठरले. करदात्यांपुरता मताधिकार संपला. स्त्रिया आणि घरगुती नोकर मात्र वगळलेलेच राहिले. कन्व्हेन्शनने २१ सप्टेंबर रोजी एकमताने राजेशाही रद्द केली. त्याच्या आदल्याच दिवशी वाल्मी येथे प्रशियाचे सैन्य मागे हटले होते.

१४. संविधानानुसार राजावर खटला चालवता येत नव्हता ना? आणि तो एका मताने मारला गेला का?

पहिला आक्षेप कायद्याच्या दृष्टीने वजनदार आहे. १७९१ च्या संविधानात राजाची व्यक्ती अनुल्लंघनीय होती आणि राष्ट्राविरुद्ध सैन्य उभारणे यांसारख्या कृत्यांसाठी पद जाणे एवढीच शिक्षा सांगितली होती. राजाचा वकील देसेझ याने नेमका हाच युक्तिवाद केला. सँ-ज्युस्त आणि रोबस्पिअर या जहाल सदस्यांनी त्याला उत्तर देताना खटलाच नको असे म्हटले : लुई निर्दोष असण्याची शक्यता मान्य केली, तर क्रांतीच दोषी ठरते. बहुमताने मधला मार्ग घेतला आणि कन्व्हेन्शननेच न्यायालयाचे काम केले. राजवाड्यातल्या लोखंडी कपाटात सापडलेली गुप्त पत्रे पुरावा म्हणून वापरली गेली.

दोषी ठरवताना विरोधी मत एकही नव्हते. शिक्षेवर ७२१ जणांनी मत दिले. त्यांपैकी ३६१ जणांनी बिनशर्त मृत्युदंड सुचवला आणि ७२१ चे काठावरचे बहुमत बरोबर ३६१ होते. म्हणून ‘एका मताची’ कथा रूढ झाली. पण आणखी २६ जणांनी, शिक्षा लांबणीवर टाकण्याचा विचार व्हावा अशी सूचना जोडून, मृत्युदंडालाच मत दिले होते. त्यांना धरून अधिकृत निकाल ३८७ विरुद्ध ३३४ असा झाला. शिक्षा लांबणीवर टाकावी का, यावर वेगळे मतदान झाले आणि ती सूचना ३८० विरुद्ध ३१० मतांनी फेटाळली गेली. मृत्युदंडाच्या बाजूने मत देणाऱ्यांत राजाचा चुलतभाऊ, प्रश्न ५ मधला ऑर्लेआँचा ड्यूकही होता.

१५. सोळाव्या लुईनंतर अठरावा लुई कसा? आणि १८३० ची क्रांती मग कशासाठी?

सोळाव्या लुईचा मुलगा राजनिष्ठांच्या दृष्टीने सतरावा लुई होता. तो ८ जून १७९५ रोजी पॅरिसच्या तांप्ल गढीत कैदेत असताना दहाव्या वर्षी मरण पावला; त्याने एक दिवसही राज्य केले नाही. नेपोलियनच्या पराभवानंतर १८१४ मध्ये सोळाव्या लुईचा भाऊ अठरावा लुई म्हणून गादीवर बसला आणि त्याने स्वतः दिलेल्या राज्यघटनेच्या सनदेवर ‘राजवटीचे एकोणिसावे वर्ष’ असे लिहिले, जणू प्रजासत्ताक आणि साम्राज्य घडलेच नव्हते. पण जुनी सत्ता परतली नाही. सनदेत दोन सभागृहे, कायद्यापुढे समानता आणि विकल्या गेलेल्या चर्चच्या जमिनींची हमी होती.

त्याच्यानंतरचा दहावा शार्ल याने जुलै १८३० मध्ये वटहुकूम काढून वृत्तपत्रस्वातंत्र्य रोखले, नवे सभागृह भरण्यापूर्वीच बरखास्त केले आणि मताधिकार आणखी आकसला. २७ ते २९ जुलै या तीन दिवसांत पॅरिसने त्याला पदच्युत केले. काही पुस्तके यालाच अनियंत्रित सत्तेचा शेवट म्हणतात. मला ते पटत नाही. तो तिच्या पुनरागमनाचा फसलेला प्रयत्न होता. त्याच्या जागी आलेला लुई फिलिप पुन्हा ‘फ्रेंचांचा राजा’ झाला आणि फेब्रुवारी १८४८ मध्ये तोही गेला.

१६. या घडामोडींचा त्या काळच्या भारताशी काही संबंध होता का?

होता, पण फुगवून सांगण्याइतका नाही. इंग्लंडला शह देण्याच्या धोरणातूनच १७७७ मध्ये सँ ल्युबँ हा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणविसांकडे आला होता आणि त्यामुळे मुंबई व कलकत्त्याचे इंग्रज अस्वस्थ झाले. ऑगस्ट १७८८ मध्ये टिपू सुलतानाचे वकील (राजदूत) व्हर्सायला सोळाव्या लुईला भेटले. आदरसत्कार थाटाचा झाला, पण सैन्यमदत मिळाली नाही. त्याच महिन्यात खजिन्याने देणी थांबवली होती (प्रश्न ५ पाहा). राजाच्या वधानंतर इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले आणि १७९३ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली.

१७. डॉ. आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली का?

त्यांनी स्वतः याला नकार दिला आहे. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले की, आपले तत्त्वज्ञान या तीन शब्दांत मांडता येईल, पण ते फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नसून बुद्धाच्या शिकवणीतून आलेले आहे. त्याच वेळी हेही खरे की, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती. या दोन विधानांत विसंगती नाही. महाडला त्यांनी क्रांतीकडे समाजाची पुनर्रचना करणारी सभा म्हणून पाहिले. तत्त्वांचे मूळ कोठे, हा प्रश्न वेगळा आहे.

१८. फ्रान्सचा राष्ट्रीय दिन १४ जुलै हा १७८९ च्या घटनेचा की १७९० च्या?

१८८० च्या कायद्यात १४ जुलै एवढेच आहे, वर्ष दिलेले नाही. रक्तपातामुळे बॅस्टिलचा दिवस साजरा करायला जे सदस्य कचरत होते, त्यांना १४ जुलै १७९० ची आठवण करून देण्यात आली. त्या दिवशी शाँ द मार्सवर देशभरातून आलेल्या राष्ट्रीय रक्षकांचा मेळावा भरला, बिशप तालेराँने धार्मिक विधी केला, लाफायेतने शपथ घेतली आणि सोळाव्या लुईनेही राष्ट्रासमोर संविधान पाळण्याची शपथ घेतली. त्यामुळे दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. परीक्षेत वर्ष विचारले असेल, तर प्रश्न बॅस्टिलचा आहे की मेळाव्याचा, हे पाहून लिहावे.